वेब-नकाशांसाठी मुक्त स्रोत लिनक्स सर्व्हर उभारताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या संस्थेकडे सीमा, रस्ते, जलप्रवाह आणि जमीन-वापर यांच्या चाळीसेक शेपफाइली (नकाशातल्या आकृत्या साठवणाऱ्या फाइली) व काही उपग्रह-प्रतिमा आहेत. हे सारे ब्राउझरमध्ये दिसावे म्हणून चार कोअर आणि ८ जीबी मेमरीचा एक आभासी लिनक्स सर्व्हर घेतला, त्यावर जिओसर्व्हर हा नकाशे पुरवणारा प्रोग्राम बसवला आणि शेपफाइली जशा होत्या तशा जोडल्या. आता नकाशा थोडा सरकवला तरी तो पुन्हा उमटायला दहा-बारा सेकंद लागतात. अधिक मोठा सर्व्हर घ्यावा, जिओसर्व्हरऐवजी दुसरे काही वापरावे, की मुळातली मांडणीच बदलावी, असे विचारले आहे.

मांडणी बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हर आणि जिओसर्व्हर हे दोन्ही सध्या आहेत तसे राहू द्यावेत. नकाशाची विनंती येते त्या क्षणी सर्व्हरला जितके कमी काम उरेल तितके बरे, हे एकच तत्त्व धरून पुढचे सगळे निर्णय घेता येतात. आत्ताच्या मांडणीत काय घडते ते पाहा: वापरणाऱ्याने नकाशा बोटभर सरकवला की सर्व्हर शेपफाइल उघडतो, तिच्यातले बहुभुज वाचतो, एका प्रक्षेपणातून दुसऱ्यात नेतो, लाखो शिरोबिंदू मोजक्या पिक्सेलांच्या चित्रात कोंबतो, त्या चित्राची पीएनजी बनवतो आणि पाठवून देतो; पुढच्याच क्षणी दुसऱ्या कोणी तोच भाग मागितला की हे सारे रामायण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. यातले जवळजवळ प्रत्येक काम आधी, एकदाच, रात्री निवांत करून ठेवता येण्यासारखे आहे.

पहिला निर्णय डेटा किती वेळा बदलतो यावरून घ्यावा. वर्षातून एकदोनदा बदलणाऱ्या सीमा आणि प्रतिमा यांच्यासाठी आधीच तयार केलेल्या टाइल, म्हणजे नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे, पुरतात, आणि त्या वाटायला साधा वेब-सर्व्हर पुरतो. रोज बदलणाऱ्या नोंदी असतील तर डेटाबेसमधून त्या-त्या वेळी व्हेक्टर टाइल (चित्राऐवजी रेषा-बिंदूंचा डेटा असलेल्या, ब्राउझरने रंगवायच्या टाइल) काढाव्यात. वापरणारा स्वतः थर, शैली, तारीख निवडणार असेल किंवा क्यूजीआयएससारख्या डेस्कटॉप प्रणालीतून तुमची सेवा जोडून घेणार असेल, तरच प्रत्येक विनंतीला नवे चित्र काढणारी डब्ल्यूएमएस सेवा खऱ्या अर्थाने लागते. एकाच संस्थेत या तिन्ही गरजा असू शकतात. मात्र सगळे थर डब्ल्यूएमएसच्या एकाच दारातून काढण्याची सवय बहुतेकांना असते आणि तीच महागात पडते.

टाइलींचा हिशेब एकदा हाताने करून पाहावा, कारण त्यावाचून साठवणुकीचा अंदाज येत नाही. नकाशा जवळ-दूर करण्याच्या शून्याव्या पातळीवर, म्हणजे सर्वांत दूरून पाहताना, सारे जग २५६ पिक्सेलांच्या एका टाइलमध्ये मावते आणि पुढच्या प्रत्येक पातळीवर टाइलींची संख्या चौपट होते. दहाव्या पातळीवर १०,४८,५७६ टाइली होतात, चौदाव्या पातळीवर २६ कोटी ८४ लाखांहून अधिक, आणि अठराव्या पातळीवर ६,८७१ कोटींच्या वर. हे आकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण तुम्हाला सारे जग नको आहे. विषुववृत्तावर अठराव्या पातळीची एक टाइल साधारण १५३ मीटर रुंद असते. म्हणजे १०० किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद प्रदेशाला त्या पातळीवर सुमारे ४ लाख २८ हजार टाइली लागतात, चौदाव्या पातळीवर मात्र सतराशेच्या आतबाहेर. विषुववृत्तापासून दूर गेल्यावर हीच टाइल जमिनीचा कमी भाग व्यापते, म्हणून संख्या वाढते. यावरून मी पाळत आलेला नियम असा, की चौदा-पंधराव्या पातळीपर्यंतच्या टाइली आधी तयार करून ठेवाव्यात आणि त्याखालच्या कोणी मागेल तेव्हा काढून कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, ठेवाव्यात; खोल पातळ्यांवरचा बराचसा भाग कोणीही कधी उघडून पाहत नाही.

इथेच एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे. डिस्कवर निम्मी जागा मोकळी दिसत असताना सर्व्हर एका सकाळी जागा संपल्याची तक्रार करू लागला आणि अर्धा दिवस कारण सापडेना. ईएक्सटी४ या फाइल-प्रणालीत किती फाइली मावतील हे डिस्क सिद्ध करतानाच ठरते. नेहमीच्या सेटिंगप्रमाणे दर १६ केबी जागेमागे एक आयनोड, म्हणजे एका फाइलीची नोंद ठेवणारा कप्पा, मिळतो. टाइली असतात काही शे बाइटांपासून काही केबीपर्यंत, त्यामुळे जागा संपण्याच्या कितीतरी आधी आयनोड संपतात. ‘डीएफ’ ही आज्ञा ‘आय’ पर्यायासह चालवली की खरी स्थिती कळते. उपाय दोन: टाइल-कॅशसाठी वेगळे विभाजन करून त्यावर आयनोड जास्त ठेवावेत, किंवा टाइली सुट्या फाइलींत ठेवूच नयेत. अपाची वेब-सर्व्हरसाठीचे मॉड-टाइल हे मॉड्यूल आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ टाइली एका फाइलीत बांधते. एमबीटाइल्स हे स्वरूप सगळ्या टाइली एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवते. पीएमटाइल्समध्ये तर सगळा संच एकाच फाइलीत असतो आणि ब्राउझर त्यातला हवा तेवढाच तुकडा एचटीटीपीच्या रेंज विनंतीने मागून घेतो. क्वचित बदलणाऱ्या थरांसाठी मी आता पीएमटाइल्सचीच शिफारस करतो, कारण त्यात चालू ठेवावी लागणारी, मध्येच बंद पडणारी अशी टाइलींची वेगळी प्रक्रियाच उरत नाही.

आता डेटाकडे वळू, कारण तुमचे दहा सेकंद बहुतांशी तिथेच खर्च होत असणार. शेपफाइल हे देवाणघेवाणीचे जुने स्वरूप आहे. त्यात स्तंभाचे नाव दहा अक्षरांत बसवावे लागते, फाइल २ जीबीपलीकडे नेता येत नाही, आणि अक्षर-संकेतनाची नोंद असलेली सोबतची छोटी फाइल हरवली की देवनागरी नावांच्या जागी चिन्हांचा चिखल दिसतो. सगळ्या फाइली पोस्टजीआयएसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या नकाशा-डेटा सांभाळणाऱ्या विस्तारात, भराव्यात. भरताना संकेतन स्पष्ट सांगावे आणि डेटाबेस यूटीएफ-८ मध्येच निर्माण केलेला असावा.

भरल्यावर तीन गोष्टी न चुकता तपासाव्यात. पहिली, भौमितिक स्तंभावर जिस्ट प्रकारचा इंडेक्स, म्हणजे जागेनुसार शोध लवकर लावणारी सूची, आहे का आणि भरणीनंतर ‘ॲनलाइझ’ ही टेबलाची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा चालवली आहे का. दुसरी, तो इंडेक्स प्रत्यक्षात वापरला जातो का. डेटा अक्षांश-रेखांशांत, म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये आहे, नकाशा वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ईपीएसजी ३८५७ मध्ये आहे, आणि क्वेरी लिहिणाऱ्याने संपूर्ण स्तंभच रूपांतरित करून मग मागितलेल्या टाइलच्या चौकटीशी ताडला आहे, असे दृश्य नेहमी दिसते. अशा वेळी मूळ स्तंभावरचा इंडेक्स निरुपयोगी ठरतो आणि प्रत्येक टाइलसाठी सारे टेबल वाचले जाते. चौकट डेटाच्या प्रणालीत न्यावी, किंवा त्याहून बरे म्हणजे प्रदर्शनासाठी ३८५७ मधला एक वेगळा स्तंभ कायमचा तयार ठेवावा. मात्र त्या स्तंभावरून लांबी किंवा क्षेत्रफळ कधीही मोजू नये: साठाव्या अक्षांशावर वेब मर्केटरमधली लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट भरते, आणि हे प्रक्षेपण सुमारे ८५.०५ अंशांच्या पलीकडे जातच नाही. पोस्टग्रेस संथ क्वेरींची नोंद ठेवू शकतो. ती सुविधा चालू करून सापडलेली क्वेरी ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ने तपासली की सारे टेबल वाचले जात आहे की इंडेक्स, हे स्पष्ट लिहिलेले मिळते.

तिसरी गोष्ट शिरोबिंदूंची. सर्वेक्षणातून आलेली सीमारेषा दर दोन-तीन मीटरला वळण घेत असते. आठव्या पातळीवर एक पिक्सेल सुमारे सहाशे मीटरांचा असतो, तरीही सर्व्हर इमाने इतबारे प्रत्येक वळण काढत बसतो. म्हणून पातळ्यांचे दोन-तीन गट करून प्रत्येकासाठी सरलीकृत टेबले तयार ठेवावीत. शेजारच्या बहुभुजांचे सरलीकरण सुटेसुटे केले तर सामाईक सीमेवर फटी आणि आच्छादने निर्माण होतात; पोस्टजीआयएस ३.४ पासून, सोबत जिऑस या भूमितीच्या सॉफ्टवेअरची ३.१२ आवृत्ती असल्यास, एसटी_कव्हरेजसिम्प्लिफाय हे फंक्शन सामाईक सीमा एकत्र ठेवून सरलीकरण करते. त्याआधी सदोष बहुभुज एसटी_मेकव्हॅलिडने दुरुस्त करून घ्यावेत. मोठ्या बहुभुजांचे तुकडे करणारे एसटी_सबडिव्हाइड अनेकांना या कामासाठी सुचवले जाते. ते ‘हा बिंदू कोणत्या क्षेत्रात येतो’ अशा प्रश्नांसाठी फार गुणकारी आहे, पण तेच टेबल नकाशावर काढले तर तुकड्यांच्या कडाही सीमारेषा म्हणून उमटतात.

प्रतिमांचेही असेच आहे. कच्ची टिफ फाइल ओळीओळीने साठवलेली असते, म्हणून छोटा कोपरा हवा असला तरी पुष्कळ वाचावे लागते. दूरच्या पातळीवर तर सगळी प्रतिमा वाचून मग आक्रसावी लागते. जीडॅल या रूपांतराच्या साधनाने प्रतिमा आधीच ३८५७ मध्ये न्यावी, आणि नंतर क्लाउड-ऑप्टिमाइझ्ड जिओटिफमध्ये बदलावी, जीडॅल ३.१ पासून त्यासाठी स्वतंत्र चालक आहे, तो आतल्या टाइली आणि लहान आकाराच्या प्रती एकाच वेळी बनवतो. नुसत्या डोळ्यांनी पाहायच्या प्रतिमेला जेपेग संकोचन चालते. उंचीची किंवा वर्गीकृत जमीन-वापराची प्रतिमा मात्र डिफ्लेटसारख्या, माहिती जराही न गमावणाऱ्या पद्धतीनेच दाबावी, आणि वर्गीकृत प्रतिमेच्या लहान प्रती बनवताना सरासरी काढू नये, नाहीतर वर्ग क्रमांक २ आणि ४ यांच्या मध्ये क्रमांक ३ चे जंगल आपोआप उगवते.

सर्व्हरच्या पायाबद्दल फार चर्चा नको. डेबियनची स्थिर आवृत्ती किंवा उबुंटूची दीर्घ समर्थनाची आवृत्ती, जी तुमच्या माणसांना येते ती घ्यावी. पोस्टग्रेस त्याच्या स्वतःच्या पॅकेज-भांडारातून बसवावा. पण जीडॅल एका भांडारातून आणि त्यावर अवलंबून असलेल्या प्रणाली दुसऱ्यातून, अशी सरमिसळ करू नये.

मेमरीची वाटणी मात्र विचारपूर्वक करावी. पोस्टग्रेस सुरुवातीला सामाईक बफरसाठी अवघे १२८ एमबी घेतो. ८ जीबीच्या यंत्रावर ते २ जीबी करावेत. एसएसडी असेल तर ‘रँडम पेज कॉस्ट’ ४ वरून १.१ वर आणावे, म्हणजे नियोजक इंडेक्सकडे अधिक विश्वासाने वळतो. ‘वर्क मेम’ ४ एमबीवरून ३२ पर्यंत नेता येते, पण ही मर्यादा क्रमवारी लावण्याच्या एकेका क्रियेला लागू असते, पूर्ण डेटाबेसला नव्हे, याचे भान ठेवावे. टाइलींच्या क्वेरी छोट्या आणि असंख्य असतात. त्यांच्यासाठी जेआयटी संकलन (क्वेरी चालवतानाच तिचे यंत्र-कोडात रूपांतर करणे) बंद ठेवणे बहुधा फायद्याचे ठरते. जिओसर्व्हरच्या जावा प्रक्रियेला २ जीबीची कमाल मर्यादा द्यावी आणि उरलेली मेमरी लिनक्सच्या फाइल-कॅशसाठी मोकळी सोडावी. सगळी मेमरी जावाला देऊन टाकणे ही उदारता अंगलट येते.

जिओसर्व्हर बदलावा का? तुमच्या माणसांना जावाच्या नोंदी वाचायची सवय नसेल आणि थर थोडे असतील, तर सी भाषेतला मॅपसर्व्हर हलका आणि शांत आहे. त्याची सारी मांडणी एका मजकूर-फाइलीत राहते. नकाशाची शैली क्यूजीआयएसमध्ये आधीच सजवलेली असेल, तर क्यूजीआयएस सर्व्हर तीच प्रकल्प-फाइल सेवा म्हणून देतो. डेटाबेसमधून व्हेक्टर टाइल हव्या असतील, तर मार्टिन किंवा पीजी-टाइलसर्व्ह हे छोटे सर्व्हर पोस्टजीआयएसच्याच एसटी_एएसएमव्हीटी या फंक्शनचा उपयोग करून ते काम करतात. जिओसर्व्हरची खरी ताकद अनेक थर, अनेक वापरकर्ते, परवानग्या आणि ओजीसी या नकाशा-मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सर्व मानक सेवा एका जागी असण्यात आहे. ती गरज असेल तर तो ठेवावा आणि त्याच्या आतच असलेले जिओवेबकॅश हे टाइल साठवणारे साधन वापरायला लागावे. त्याच्या २ मालिकेतील आवृत्त्या टॉमकॅट या जावा-सर्व्हरच्या आवृत्ती ९ वर चालतात, १० वर चालत नाहीत, कारण तिथे जावाच्या मूळ पॅकेजांची नावेच बदलली. नवे ते चांगले या हिशेबाने टॉमकॅट १० बसवून कोऱ्या पानाकडे पाहत बसलेले लोक मला अनेकदा भेटले आहेत.

सुरक्षिततेबाबत सौम्य शब्दांत बोलून चालणार नाही. जिओसर्व्हरचे मूळचे वापरकर्ता-नाव आणि संकेतशब्द साऱ्या जगाला पाठ आहेत. ते पहिल्या पाच मिनिटांत बदलावेत. २०२४ मध्ये त्यात अशी त्रुटी उघड झाली, की लॉगइन न करताही बाहेरच्याला सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता, आणि तिचा प्रत्यक्ष गैरवापरही झाला. तेव्हा आवृत्ती अद्ययावत ठेवणे हे नकाशा सजवण्याइतकेच नेहमीचे काम समजावे. बाहेरच्या जगाला फक्त ८० आणि ४४३ ही दारे (पोर्ट) दिसावीत, पोस्टग्रेसचे ५४३२ आणि जिओसर्व्हरचे ८०८० कदापि नाही. एसएसएच संकेतशब्दाऐवजी किल्लीने चालावे, आणि प्रशासनाचे पान ठरावीक पत्त्यांपुरतेच उघडावे. कंटेनर वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: कंटेनर चालवणारा डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉल-साधनाने बंद दाखवलेले दारही प्रत्यक्षात उघडे असू शकते. पोर्ट स्थानिक पत्त्यालाच बांधावे आणि बाहेरच्या यंत्रावरून खात्री करून घ्यावी.

या सगळ्याच्या समोर एन्जिनएक्स हा वेब-सर्व्हर ठेवावा. तो प्रमाणपत्र सांभाळतो, टाइली कॅश करतो आणि एचटीटीपी/२ मुळे एकाच जोडणीवरून डझनावारी टाइली पाठवतो, त्यामुळे जुन्या काळी तीन-चार उपनावे वाटून घेण्याची युक्ती आता लागत नाही. जिओसर्व्हरमध्ये प्रॉक्सीचा मूळ पत्ता भरायला विसरू नये, अन्यथा सेवेत काय काय आहे हे सांगणाऱ्या क्षमता-दस्तऐवजात आतलेच पत्ते छापले जातात आणि बाहेरून जोडणी जमत नाही. दुसऱ्या संकेतस्थळावरून टाइली मागवता याव्यात म्हणून लागणारा सीओआरएस शीर्षक एन्जिनएक्स किंवा टॉमकॅट या दोहोंपैकी एकानेच लावावा. दोघांनी लावला तर ब्राउझर दोन्ही नाकारतो. एमबीटाइल्समधल्या व्हेक्टर टाइली बहुधा जीझिपने दाबलेल्याच असतात, ते शीर्षकात सांगितले नाही तर नकाशा रिकामा दिसतो आणि सर्व्हरच्या नोंदीत मात्र सारे आलबेल असते.

नकाशा भलत्याच जागी दिसला, तर सर्वांत आधी अक्षांचा क्रम पाहावा. डब्ल्यूएमएस १.१.१ मध्ये ४३२६ साठी आधी रेखांश आणि मग अक्षांश येतो, तर १.३.० मध्ये आधी अक्षांश. आवृत्तीचा आकडा बदलून चौकट तशीच ठेवली, की प्रदेश समुद्रात जाऊन पडतो.

आपल्या लिपीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो शेवटी लक्षात येतो म्हणून आत्ताच सांगतो. सर्व्हरवर बहुधा देवनागरी फाँट नसतो.  नोटो देवनागरीसारखा फाँट बसवून प्रक्रिया पुन्हा सुरू केली की चौकोन जाऊन अक्षरे येतात. टाइलींची चित्रे काढणारा मॅपनिक अक्षररचनेसाठी हार्फबझ वापरतो, म्हणून त्याच्या रास्टर, म्हणजे चित्ररूप, टाइलींत जोडाक्षरे नीट उमटतात. ब्राउझरमध्ये व्हेक्टर नकाशा रंगवणारी मॅपलिब्रसारखी सॉफ्टवेअर-ग्रंथालये मात्र २५६ चिन्हांच्या गठ्ठ्यांतून एकेक चिन्ह उचलून ओळीने मांडतात. त्या रूढ पद्धतीत ‘किल्ला’ या शब्दातली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षर पाय मोडून पडते. नावांसाठी पारदर्शक रास्टर थर वेगळा काढून तो व्हेक्टर नकाशावर ठेवणे, हा त्यावरचा मला आजवर सर्वांत भरवशाचा वाटलेला मार्ग आहे.

पार्श्वभूमीसाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनलेल्या मुक्त नकाशाचा डेटा घेणार असाल, तर सगळ्या जगाची फाइल न घेता आपल्या प्रदेशाचा उतारा घ्यावा आणि ओएसएम२पीजीएसक्यूएल या साधनाने डेटाबेसमध्ये भरावा. चार कोअरच्या यंत्राला तेवढेच झेपते. नकाशावर योगदानकर्त्यांचे श्रेय दिसलेच पाहिजे, ती परवान्याची अट आहे.

प्रती ठेवताना डेटाबेसइतकीच जिओसर्व्हरची डेटा-निर्देशिकाही महत्त्वाची आहे, कारण शैली आणि परवानग्या तिच्यात असतात. टाइल-कॅशची प्रत घेऊ नये, ती पुन्हा बनवता येते. आणि वर्षातून दोनदा तरी त्या प्रतींवरून कोऱ्या यंत्रावर सारे पुन्हा उभे करून पाहावे; जी प्रत कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्यावर मी भिस्त ठेवत नाही.

राहिला मोठ्या सर्व्हरचा प्रश्न. वरचे सारे केल्यावर एन्जिनएक्सच्या नोंदींत कॅशमधून किती टाइली गेल्या आणि मागच्या प्रक्रियेपर्यंत किती पोहोचल्या, हे आठवडाभर मोजावे. मागे पोहोचणाऱ्या विनंत्या मोजक्या असूनही डिस्कवरची वाचने सतत चालू दिसली, तर मेमरी वाढवावी. चारही कोअर तासन्‌तास भरलेले दिसले, तर डेटाबेस आणि नकाशा काढणारी प्रक्रिया दोन यंत्रांवर विभागावी. तुम्ही सांगितलेला पसारा पाहता या दोहोंपैकी कशाचीही वेळ लवकर येईल असे मला वाटत नाही.